चवीपुरते मीठ म्हणजे किती?

(मोठ्या गटातील विद्यार्थी आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी पाठ)



मराठी पाककृतींचे कोणतेही पुस्तक उघडा. पोह्यांच्या कृतीत पोहे दोन वाट्या, कांदे दोन, हिरव्या मिरच्या तीन, हळद पाव चमचा, असे सगळे मोजून लिहिलेले असते. शेवटी मात्र एक ओळ येते : 'मीठ चवीनुसार'. ज्याचे माप सर्वांत काटेकोर हवे, नेमका तोच पदार्थ न मोजता सोडून दिलेला!

माझे काम संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे. तिथे एखाद्या आकड्याच्या जागी 'चवीनुसार' लिहिले तर संगणक तिथल्या तिथे अडून बसतो. आपले शरीर तसे अडून बसत नाही. ते वर्षानुवर्षे निमूटपणे चालवून घेते आणि हिशेब पुढे केव्हातरी मागते. तो हिशेब आज आपणच मांडून पाहू या. गणित फक्त गुणाकार-भागाकाराचे आहे, घाबरू नका.

१. आधी शब्द पाहू

हिंदीत 'मीठा' म्हणजे गोड आणि आपल्याकडे 'मीठ' म्हणजे खारट. गुजरातीत तर 'मीठुं' हा एकच शब्द गोड आणि मीठ या दोन्ही अर्थांनी चालतो. 'ज्याने रुची येते ते' असा अर्थ धरला की कोडे सुटते. संस्कृतात मिठाला 'लवण' म्हणतात. 'लावण्य' हा शब्द त्यावरूनच आला, आणि मीठ नसलेल्या पदार्थाला आपण म्हणतो तो 'अळणी' हा शब्दही 'अलवण' याचेच बदललेले रूप आहे.

आपल्या पद्धतीत ताट वाढताना पहिला मान मिठाचा. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे 'खाल्ल्या मिठाला जागणे'. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले ते चिमूटभर मिठासाठी, आणि त्याच वर्षी कोकणात शिरोड्याच्या मिठागरावरही सत्याग्रह झाला. मिठावरचा कर लोकांना इतका का झोंबला? कारण मिठावाचून कोणाचेच, अगदी गरिबातल्या गरिबाचेही, चालत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मीठ हे विष नाही. मज्जातंतूंतून संदेश जायला, स्नायू आखडायला आणि सैल व्हायला मिठातले सोडियम लागतेच. प्रश्न आहे तो किती, एवढाच.

२. रक्तदाब म्हणजे काय?

हृदय म्हणजे पंप आणि धमन्या म्हणजे नळ. पंपाने रक्त ढकलले की नळाच्या भिंतीवर आतून जोर पडतो. हा जोर म्हणजे रक्तदाब. हृदय आवळते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे ते सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा.

हा दाब पहिल्यांदा मोजला इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडल्याचे वर्णन केले आहे. त्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढले होते! माणसांवर असा प्रयोग करणे परवडणारे नव्हते. पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा तयार केला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकण्याची रीत सांगितली. दवाखान्यात आजही हातावर फुगतो तो त्याच पट्ट्याचा वंशज.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. '१२०' म्हणजे १२० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याचा दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे, म्हणून हाच दाब पाण्यात मोजला तर १२० × १३.६ = १६३२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १६३ सेंटीमीटर. तुमच्यापैकी अनेकांच्या उंचीएवढा पाण्याचा स्तंभ! तुमचे हृदय दर ठोक्याला एवढा जोर लावत असते, आणि असे ठोके दिवसाला सुमारे एक लाख पडतात.

मोठ्या माणसांचा दाब १२०/८० च्या खाली असला तर तो उत्तम. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० किंवा त्याहून जास्त दाबाला उच्च रक्तदाब म्हणतात. इतर बऱ्याच देशांत ही रेघ १४०/९० वर आखलेली आहे. अमेरिकेच्या मापाने इथल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांचा दाब जास्त भरतो. लहान मुलांचे आकडे वय आणि उंची यांप्रमाणे वेगळे असतात, ते डॉक्टरच पाहतात.

३. मिठाचा आणि दाबाचा संबंध

सलाइनची बाटली तुम्ही पाहिली असेल. त्यात दर लिटर पाण्यामागे ९ ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा साधारण तेवढाच आहे. शरीर हे प्रमाण फारसे हलू देत नाही. आता समजा, साडेचार ग्रॅम मीठ शरीरात जास्तीचे राहिले. प्रमाण कायम राखायचे तर त्याच्यासोबत अर्धा लिटर पाणीही राहणार. खारे शेंगदाणे खाल्ल्यावर तहान लागते ती याचसाठी. नळ तेवढेच आणि पाणी जास्त, म्हणजे दाब वाढणार.

हे जास्तीचे मीठ बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. त्यांचा पसारा पाहून मी तरी थक्क झालो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असते! त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त ती परत रक्तात घेतात आणि उरलेले काही ग्रॅम बाहेर सोडतात. निसर्गाने ही यंत्रणा मीठ वाचवण्यासाठी बांधली, कारण माणसाच्या इतिहासात मीठ बहुतेक काळ दुर्मिळच होते. रोज गरजेच्या कितीतरी पट मीठ येऊन पडेल, हे त्या रचनेत धरलेलेच नाही. काही जणांची मूत्रपिंडे हा बोजा सहज उतरवतात, तर काहींची दाब वाढल्यावरच उतरवू शकतात. वय वाढते तशी ही दुसऱ्या प्रकारची माणसे जास्त दिसू लागतात. वर्षानुवर्षे दाब जास्त राहिला की धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. मग मेंदू, हृदय, डोळे आणि खुद्द मूत्रपिंडे यांना इजा होते.

आणि हे सगळे न दुखता होते. ताप आला की कळते, दात किडला की कळते. दाब वाढलेला कळत नाही. जगात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते.

माझे वडील सांगलीला शाळेत शिक्षक होते. रोज सकाळी फिरायला जात, कधी आजारी पडत नसत, म्हणून कोणी त्यांचा दाब मोजलाच नव्हता. चौपन्नाव्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. ज्या हाताने त्यांनी तीस वर्षे फळ्यावर अक्षरे गिरवली, त्या हाताने त्यांना पुढे सहीही करता आली नाही. त्यांचे आजारपण केवळ मिठामुळे आले असे मी म्हणणार नाही. वय, घराणे, वजन, तंबाखू, दारू, बैठे काम अशी दाब वाढण्याची कारणे अनेक असतात. पण त्यांतले घराणे आपल्याला बदलता येत नाही, मिठाचा चमचा मात्र आपल्याच हातात असतो.

४. हे खरे कशावरून?

'डॉक्टर सांगतात म्हणून' हे उत्तर पुरेसे नाही. पुरावा मागायला शिका.

(अ) १९८८ साली 'इंटरसॉल्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांची दिवसभराची लघवी गोळा करून त्यांनी किती मीठ खाल्ले ते मोजले. त्यांत भारतातले लडाख आणि नवी दिल्लीही होते. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा वरचा आकडा सरासरी ९५ च्या आसपास निघाला आणि वय वाढले तरी तो चढत नव्हता. अर्थात त्यांचे सगळे जगणेच निराळे, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

(आ) म्हणून प्रयोग हवा. २००१ साली अमेरिकेतील 'डॅश-सोडियम' प्रयोगात ४१२ जणांना सगळे जेवण तयार करून दिले. मीठ तीन पातळ्यांवर ठेवले, प्रत्येक पातळी तीस दिवस. मीठ जसे उतरले तसा दाबही उतरला. भाज्या, फळे आणि कमी चरबीचे दूध-ताक भरपूर असलेल्या आहाराने तो आणखी खाली आला. असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा, दिवसाला सुमारे साडेचार ग्रॅम मीठ कमी केल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचाने आणि इतरांचा दोन-अडीचने उतरलेला दिसला.

दोन-अडीच म्हणजे काहीच नाही असे वाटेल. एका माणसाला ते जाणवणारही नाही. पण लाखो लोकांचा दाब थोडाथोडा उतरला की झटक्यांची एकूण संख्या बरीच घटते.

(इ) चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षे एक प्रयोग झाला. २०२१ साली त्याचा निकाल आला. हे लोक आधी झटका येऊन गेलेले किंवा साठीपुढचे आणि रक्तदाब असलेले असे होते. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले. तिथे मेंदूच्या झटक्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले.

(ई) शास्त्रज्ञांत वाद नाही असे मात्र नाही. 'प्युअर' या मोठ्या अभ्यासाने २०१४ साली असे मांडले की फार कमी मीठ खाणाऱ्यांनाही धोका जास्त दिसतो. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला : या अभ्यासात सकाळच्या एका वेळच्या लघवीवरून दिवसभराचा अंदाज बांधला होता, आणि आजारी माणसे मुळातच कमी खातात. २०२२ साली अनेक दिवसांची पूर्ण लघवी मोजलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा मीठ वाढेल तसा धोका वाढतो असेच दिसले. मोजमाप कच्चे असेल तर उत्तरही कच्चे येते, हा धडा इंजिनिअरांनाही लागू आहे.

५. तर मग किती?

मिठात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असते. म्हणून सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. सपाट भरलेला एक मापाचा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ, म्हणजेच सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते : दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. अमेरिकेच्या सरकारी सल्ल्याप्रमाणे सोडियमची दिवसाची मर्यादा अशी आहे :

४ ते ८ वर्षे : १५०० मिलिग्रॅम
९ ते १३ वर्षे : १८०० मिलिग्रॅम
१४ वर्षे आणि पुढे : २३०० मिलिग्रॅम

यात स्वयंपाकातले, वरून घेतलेले आणि विकतच्या पदार्थांतले असे सगळे मीठ आले. अमेरिकेतला माणूस सरासरी ३४०० मिलिग्रॅमच्या आसपास खातो.

६. मीठ लपते कुठे?

इथे आपली दोन्हीकडून कोंडी होते. अमेरिकन माणसाच्या पोटात जाणारे सुमारे ७० टक्के सोडियम कारखान्यातल्या आणि हॉटेलातल्या पदार्थांतून येते. मिठाची बाटली लपवून त्याचे भागत नाही. भारतात आणि चीनमध्ये मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातला. आपण दुपारी इथले सँडविच, पिझ्झा, डब्यातले सूप खातो आणि रात्री आमटी, भाजी, लोणचे, पापड. दोन्ही देशांचे मीठ एकाच ताटात!

दुकानातल्या डब्यावरचा 'न्यूट्रिशन फॅक्ट्स'चा चौकोन वाचायला शिका. तीन पायऱ्या आहेत.

पहिली : 'सर्व्हिंग साइज' पाहा. डब्यात दोन सर्व्हिंग असतील आणि तुम्ही सगळा डबा संपवणार असाल, तर आकडा दुप्पट करा.

दुसरी : सोडियमपुढचे टक्के पाहा. ५ किंवा कमी म्हणजे थोडे, २० किंवा जास्त म्हणजे फार. मात्र हे टक्के २३०० वर काढलेले असतात. तुम्ही दहा वर्षांचे असाल तर तुमची मर्यादा त्याहून कमी आहे.

तिसरी : मोठ्या अक्षरांना भुलू नका. 'लो सोडियम' म्हणजे सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा कमी. 'रिड्यूस्ड सोडियम' म्हणजे त्याच पदार्थाच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा निदान २५ टक्के कमी. मूळ पदार्थ फार खारट असेल तर कमी केलेलाही खारटच राहतो.

जिभेवरही विसंबू नका. पाव खारट लागत नाही, पण रोज खाल्ला जातो. खाण्याच्या सोड्याला मिठाची चव नाही, तरी एका चमच्यात सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम असते. ढोकळा आणि भजी करताना ते हिशेबात धरा.

आणि शेंदेलोण? उपासाला चालते, दिसायला गुलाबी आहे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. समुद्री मिठाचेही तेच. शिवाय या प्रकारांत बहुधा आयोडीन घातलेले नसते. घरात मीठ कमी वापरा, पण जे वापराल ते आयोडीनचे असू द्या.

७. आपल्या घरात काय करता येईल?

कारखान्यातले मीठ कमी करायला सरकार आणि कंपन्या लागतात. इंग्लंडमध्ये तसे झाले. तिथे २००३ नंतर पाव वगैरेंतले मीठ हळूहळू, कोणाच्या लक्षात न येईल अशा बेताने उतरवले. माणशी मीठ २००१ च्या सुमारास साडेनऊ ग्रॅम होते, ते २०११ मध्ये सुमारे आठ ग्रॅमवर आले. 'हळूहळू' हीच युक्ती घरातही लागू पडते. आज एकदम निम्मे केले तर घरात भांडण होईल. दर दोन आठवड्यांनी थोडे कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग जुनी चव खारट लागू लागते.

आपल्या स्वयंपाकात तर मिठाला मदत करणारे कितीतरी गडी आहेत : लिंबू, आमसूल, चिंच, आले, लसूण, कढीपत्ता, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी. आंबट आणि खमंग चव असली की मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. पोळीच्या कणकेत मीठ घातलेच पाहिजे असे नाही. डब्यातले राजमा-छोले धुऊन घेतले की त्यातले बरेचसे सोडियम वाहून जाते. लोणचे आणि पापड दोन्ही रोज नकोत. एके दिवशी लोणचे, एके दिवशी पापड, आणि एके दिवशी नुसती काकडीची कोशिंबीर.

दोन गोष्टी मात्र स्वतःच्या मनाने करायच्या नाहीत. मीठ कमी केले म्हणून आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणायचे नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरते.

आजी-आजोबा उन्हाळ्यात इथे आले की त्यांच्याशी नीट बोला. 'तुम्ही मीठ फार खाता' असे म्हणू नका. 'आजी, तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं?' असे विचारा. घरात यंत्र असेल तर त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. मग दोनदा मोजून तारखेसह वहीत लिहा. आई-बाबांचेही मोजा. चाळिशीतल्या बाबांना 'मला काय झालंय?' असे म्हणायची सवय असते. त्यांना खुशाल आग्रह करा.

शब्दार्थ

अळणी : मीठ नसलेले
मचूळ : किंचित खारट, बेचव (पाणी)
मिठागर : समुद्राचे पाणी वाळवून मीठ काढण्याची जागा
धमनी : हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी
अर्धांगवायू : शरीराची एक बाजू लुळी पडणे
तिखटमीठ लावून सांगणे : वाढवून सांगणे
जखमेवर मीठ चोळणे : दुखावलेल्याला आणखी दुखावणे

स्वाध्याय

१. सूपच्या डब्यावर एका सर्व्हिंगला ९२० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. डब्यात दोन सर्व्हिंग आहेत. सगळा डबा खाल्ला तर किती ग्रॅम मीठ पोटात गेले? अकरा वर्षांच्या मुलाची मर्यादा ओलांडली का?

२. घरचा प्रयोग : मिठाचा नवा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशीची तारीखही लिहा. डब्याचे वजन ÷ माणसे ÷ दिवस = माणशी रोजचे मीठ. उदाहरणार्थ, ७३७ ग्रॅमचा डबा चार माणसांना ४६ दिवस पुरला, तर माणशी ४ ग्रॅम. लक्षात ठेवा, हे फक्त घरातले. बाहेरचे अजून मिळवायचे आहे!

३. 'खाल्ल्या मिठाला जागणे' आणि 'तिखटमीठ लावून सांगणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात जो खाऊ येतो, त्यांतल्या तीन पदार्थांच्या वेष्टनावरचे सोडियम वहीत उतरवून आणा. पुढच्या रविवारी फळ्यावर कोष्टक मांडू आणि पुढच्या महिन्याचा खाऊ काय असावा ते तुम्हीच मतदानाने ठरवा.

पालकांना विनंती : प्रश्न २ ची तारीख मुलांच्या हातूनच लिहून घ्यावी. आणि हो, उत्तर काहीही आले तरी मुलांनी ते वर्गात मोकळेपणाने सांगावे. इथे तिखटमीठ लावायचे नाही, काढूनही टाकायचे नाही!